संकासुराच्या मुखवट्यावरचं ठिगळ

“मास्तर, ह्या संकासुराला जरा उजळ करा,” गुरव अध्यक्ष म्हणाले.

मी नवरदेव उजळ केलेत, नगरसेवक उजळ केलेत. एका तबेलेवाल्याची म्हैस तर इतकी उजळ केली की ती पुढे गाय म्हणून खपली. पण संकासुर? शिमग्याच्या खेळात काळा झगा, काळी उंच टोपी आणि काळ्याच कापडाचा मुखवटा घालून नाचणारं ते सोंग. आतल्या माणसाचं नखभर तोंड दिसत नाही. उजळायचं काय, अंधार?

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या गल्लीत माझा स्टुडिओ. रत्नागिरीकडच्या लोकांचं मंडळ इथे दरवर्षी शिमग्याचा खेळ करतं. यंदा सगळ्या सोंगांचे फोटो फिल्मवर काढायचे ठरले. फिल्मचा फोटो शंभर वर्षं टिकतो, असं गुरवांनी कुठेतरी ऐकलं होतं. मी म्हणालो, शंभर तर नुसती वॉरंटी.

फोटो देखणे आले. हल्ली फिल्म धुऊन झाली की निगेटिव्ह स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतात आणि तिथे फिनिशिंग करतात. म्हणजे धूळ पुसायची, रंग सावरायचे. फिल्मवर बारीक रवे दिसतात, त्यांना ग्रेन म्हणतात. ते राहू द्यायचे. शिऱ्यातला रवा काढला तर उरतं काय? नुसतं तूप.

गुरवांना तूपच हवं होतं.

“हे रवेरवे काय? आणि गोमूची दाढी दिसतेय.”

“अध्यक्ष, गोमू म्हणजे साडी नेसलेला बाप्या. दाढी असणारच.”

“असू दे की, पण दिसायला कशाला हवी? आणि ह्या संकासुराच्या मुखवट्यावर लाल डाग आहे बघा.”

“डाग नाही, ठिगळ आहे. शिवलंय कुणीतरी.”

“मग तर काढाच! हॉलमध्ये लावायचाय. लोक म्हणतील, मंडळाकडे नवा मुखवटा घ्यायला पैसे नाहीत.”

मी नाही म्हणालो. गुरव हसले, स्कॅन पेनड्राइव्हवर घेऊन गेले. त्यांच्या मेव्हण्याचं नया नगरात फ्लेक्सचं दुकान. वाढदिवसाचे बॅनर करतो. त्याच्या हाताखालून गेलेला माणूस गोरा, गुळगुळीत आणि दहा वर्षांनी लहान होऊनच बाहेर पडतो. यमाचा रेडा दिलात तरी तो जावळ न काढलेलं बाळ करून देईल.

फ्रेम हॉलमध्ये लागल्या. गोमूची सिनेमातली नटी झाली होती. मंडळाचे संकासुर दोन. एकाच शिंप्याचे झगे, दोघांची उंचीही सारखी. ठिगळ गेलं आणि दोघे जुळे झाले. टाळ्या पडल्या. कोपऱ्यात मात्र माझ्याच स्टुडिओचं नाव.

गणपतीच्या आधी बाळा गेला. बाळा म्हणजे त्यातला एक संकासुर. स्टीलच्या गाळ्यात पॉलिशचं काम करायचा. मशीनवर उभ्या उभ्याच कोसळला. त्याच्या घरात संकासुर बापापासून चालत आलेला. मंडळाने त्याची फ्रेम उतरवून त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना, दिली. ती गावच्या घरी देवाजवळ, सासऱ्यांच्या फोटोशेजारी लावायची होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी फ्रेम घेऊन माझ्या दारात.

“दादा, हे आमचे नायत.”

“बाळाच आहे, वहिनी. मीच काढलाय ना.”

“आमच्या मुखवट्याला डोळ्याखाली ठिगळ हाय. होळीची ठिणगी पडली तेव्हा मी लावलेलं. लाल ब्लाउजपीसचं, पिवळ्या दोऱ्याने, तिरकं. ह्याला कुठाय? दुसऱ्याच्या नवऱ्याला हार घालू काय मी?”

“मोबाईलवर नाचाचा व्हिडिओ असेल की.”

“हाय ना. त्यात नुसता काळा भोवरा दिसतो.”

मी धावत जाऊन निगेटिव्ह काढली, दिव्याच्या काचेवर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलट दिसतं. काळा झगा पांढराफट, लाल ठिगळ हिरवट. वहिनी दचकून मागे सरल्या.

“हे तर कफनातलं भूत.”

“थांबा, आत्ता प्रिंट देतो.”

धूळ पुसली, रंग सावरले. बाकी कशाला हात लावला नाही. ठिगळ लाल, दोरा पिवळा, टाका तिरका. माझ्या हातून याहून खरा फोटो कधी निघाला नसेल. वहिनींनी त्यावर बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडतील.

“मी सांगितलं तसंच लावलंत,” त्या म्हणाल्या.

“लावलं नाही हो! होतंच ते. आधी काढलं होतं.”

“काढता येतं म्हणजे लावता पण येतं ना?”

“वहिनी, आईशप्पथ.”

“तुम्ही बरे आहात, दादा. मला बरं वाटावं म्हणून केलंत. पण देवाजवळ कसं ठेवू?”

जन्मभर लोकांनी माझी ती गाय झालेली म्हैससुद्धा खरी मानली होती. आज मी अक्षरही वाढवून बोलत नव्हतो आणि समोरची बाई माझी समजूत काढत होती. मी गुरवांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. म्हटलं, सांगा ह्यांना ठिगळ कुणी काढलं ते. गुरव म्हणाले, “कसलं ठिगळ? मंडळाचे मुखवटे एकदम नवे आहेत.”

वहिनींनी दोन्ही फोटो काउंटरवर ठेवले, पदर सारखा केला आणि गेल्या. गावी भिंतीवर सासरे एकटेच आहेत.

धंद्यात नवे आलेले विचारतात, फिल्मच्या फोटोला फिनिशिंग किती करावं? मी सांगतो, धूळ पुसा आणि हात खिशात घाला. त्यापुढे काही पुसलंत, तर ते परत आणता येतं. मात्र ते खरं आहे हे कुणाला पटवता येत नाही.