सुभाषदादा आणि पूर्णेवरची मेफ्लाय

सुभाषदादा बुडून मेला नाही. त्याला मारलं.

आज वर्ष झालं. सकाळपासून ग्रुपवर सगळे त्याचा हार घातलेला फोटो टाकून राहिले अन् खाली हात जोडलेले इमोजी. मला ते बघवत नाही, म्हणून लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दादा कळमनुरीत विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी भरायचा. जळालेली मोटार आली की जुनी तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची, हा त्याचा धंदा.

रविवारी मात्र सिद्धेश्वर धरणाच्या खाली, पूर्णेच्या डोहावर.

गळाला गांडूळ लावणं त्याला मंजूर नव्हतं. कोंबड्याचं पीस अन् मोटारीची बारीक तार घेऊन गळावरच खोटं पाखरू बांधायचा. ते पाण्यावर फेकायचं अन् मासा फसवायचा.

पाखरू म्हटलेलं त्याला खपायचं नाही.

"पाखरू काय म्हणतो रे? मेफ्लाय हाय ती. शेपट्या मोज आधी. दोन का तीन?"

माझ्याकडं मोबाईलला लावायची लेन्स होती, म्हणून त्यानं मला धरलं. मेफ्लाय म्हणजे नदीच्या पाण्यातून निघणारा नाजूक पंखांचा किडा. मी त्याचे फोटो काढायचे, त्यानं शेपट्या अन् पंखाच्या शिरा बघून जात ठरवायची. आज पाण्यातून जी जात निघाली तीच गळावर बांधायची. दुसरी बांधली तर मासा ढुंकून बघत नाही.

माणूस गोड नव्हता. आज हे कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. तापट. हात आधी उठायचा, तोंड मग.

डोहात जिलेटिनचे बार उडवून मासे मारणारे दोघं होते. एकाला दादानं मानगूट धरून त्याच डोहात बुचकळलं होतं. दुसऱ्यानं मागून दगड घातला. भुवईला सात टाके.

रक्त पुसत म्हणतो कसा, "बारानं मासा मरतोच, पण दगडाखाली मेफ्लायची पिल्लं असती, ती बी मरती. मंग पुढल्या साली कुठून येईल ती, ह्यांच्या बापाच्या घरून?"

असा माणूस.

तर एका रविवारी मी वहीत दोन जाती लिहिल्या. एक मळक्या पंखाची, झुडपावर बसलेली. दुसरी काचेसारख्या पंखाची. दादानं वही बघितली अन् डोहावरच्या सात-आठ जणांसमोर खाडकन कानाखाली वाजवली.

"गाढवा, एकच हाय ती! पंख फुटल्यावर बी एकदा कात टाकती. आज मळकी, उद्या साफ. उद्या दिवस मावळताना पाण्यावर पडून मरती, अन् तवाच मोठा मासा वर येतो. सहा महिने झाले शिकवून राहिलो. डोळे हायेत का गुंड्या?"

सगळे हसले.

माझं वय चौतीस. बायको-लेकरांचा माणूस मी. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

संध्याकाळी पानटपरीवर ते जिलेटिनवाले दोघं भेटले. कोण आहेत, काय करतात, सगळं मला माहीत होतं. तरी छाती फुगवून बोललो.

"मासे कवा वर येतात ते काय त्या एकट्यालाच कळतं? उद्या दिवस मावळताना बघा, आमच्याच डोहात."

दुसऱ्या दिवशी दादा दुकान लवकर बंद करून आला. कमरेइतक्या पाण्यात उभा. मी काठावर, तोंड फुगवून.

मेफ्लाय पाण्यावर पडायला लागल्या. मासे उसळ्या मारायला लागले. दादा लेकरावानी हसून राहिला होता.

तेवढ्यात वरच्या खडकावर ते दोघं दिसले. एकाच्या हातात जिलेटिनची कांडी.

एक हाक मारायची होती. "दादा, बाहेर ये." बस, इतकंच.

मी मनात म्हटलं, जिरू दे याची थोडी.

बार झाला. पाणी फाटलं. दादा वर उचलला गेला अन् पालथा पडला.

ओढत काठावर आणला तेव्हा कानातून रक्त, नाकातून रक्त. डोळे उघडे. पाण्यावर सगळीकडं मासे, पोटं वर करून.

एक जण खाली आला अन् माझी कॉलर धरली.

"आमाला कुणी सांगितलं? तूच ना? आमी आत गेलो तर तू बी आत. बोल, पाय घसरला म्हणून."

मी तेच बोललो. पाय घसरला, डोकं खडकावर आपटलं अन् बुडाला. पोलिसांना, डॉक्टरला, तुम्हा सगळ्यांना. बाराचा आवाज लोकांना विहिरीच्या कामाचा वाटला.

तिसऱ्या दिवशी वहिनीनं विचारलं, "भाऊजी, त्यांना लई तकलीफ झाली का हो?"

म्हटलं, "न्हाई वहिनी, लवकर गेले."

अन् वर तिच्या हातचा चहा प्यालो. थू माझ्या जिंदगानीवर.

वहिनी, आज सकाळी सांगायला तुमच्या दारापर्यंत आलो होतो. तुमी फोटोसाठी हार ओवत होत्या. मला बघून म्हटल्या, "या भाऊजी, तुमीच घाला, तुमीच होते त्यांच्याजवळ." तसाच माघारी फिरलो.

आता पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकड्यावर बसून हे लिहून राहिलो. त्या दोघांची नावं इथं लिहीत नाही. आत सांगणार आहे. तिसरं नाव माझं.

दादा, तुला श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही. ज्यांची आहे त्यांनी खाली वाहावी.

मी आत जातो.