शाळेच्या बोअरमधला गॅस

मिथेन वायूचे नमुने गोळा करत फिरणाऱ्यांच्या बाटल्या कमी भरतात, किस्सेच जास्त जमतात. माझा पहिला किस्सा एका पेल्यातला. सीमेवरच्या एका गावच्या शाळेत बोअरचं पाणी प्यायला घेतलं, तर ते सोड्यासारखं चुरचुरलं. दचकून अर्धा पेला मी अंगावर सांडला.

"काऊन घाबरून राह्यली? पोरं रोज हेच पितात," मुख्याध्यापिका सुजाताताई म्हणाल्या.

---

आमचे जीपवाले नामदेवकाका बोअरपाशी गेले. "वास तर येत नाई," म्हणत त्यांनी बिडीसाठी काडी ओढली. पाइपाच्या तोंडाशी निळी ज्योत! मी किंचाळले.

काका म्हणाले, "उगाच काडी वाया घालवली. बिडी यावरच पेटली असती."

---

गॅस कोळशाच्या थरातून येत असेल, तर शाळा हलवायची, असं वरून ठरलं. ताईंचा जीव खाली-वर. "मुलांचं जाऊ दे, पोरींले कोन दूर धाडते?"

शेजारच्या देवकाबाईंच्या गोबरगॅसचा खड्डा झिरपत असेल, तर मात्र तो दुरुस्त केला की झालं. मिथेनला वास नाही, रंग नाही. पण त्यातला कार्बन लपवाछपवी करत नाही, हे मी दचकत दचकतही ठामपणे सांगते. शेण कुजून झालेल्या मिथेनमधला कार्बन हलका, खोल कोळशातला साधारणपणे जड. म्हणून शाळेचा गॅस कुणाशी जुळतो ते पाहायला हैदराबादच्या प्रयोगशाळेत तीन बाटल्या धाडायच्या होत्या: शाळेची, देवकाबाईंची आणि सीमेपलीकडच्या मंचेरियलच्या कोळसा खाणीची.

---

देवकाबाईंनी भरलेल्या बाटलीला हळद-कुंकू लावलं. लेबल पार झाकलं गेलं. मी घाईघाईनं पुसायला लागले.

"राहू द्या न मॅडम. आमच्या घरचं पयल्यांदाच कोनी हैदराबादले चाललं."

---

कोळशाची बाटली येताना काकांनी वाटेत उघडून हुंगली. "रिकामी हाय पोरी. फसवलं तुले."

बूच उघडताच होता तो गॅसही उडून गेला. पुन्हा मंचेरियल. येताना बाटली माझ्या मांडीवर, आणि प्रत्येक खड्ड्याला मी तिला कवटाळत होते.

---

पाण्यात बाटली उलटी धरून गॅस कसा भरायचा, हे ताईंनी पाचवीला शिकवलं. दुसऱ्या दिवशी वर्ग घरून बाटल्या भरून आला. चिठ्ठ्या डकवलेल्या: 'नाल्याचा', 'म्हशीचा'. एकीवर 'आबाचा'.

"हा बी तपासता काय?" ताईंनी गंभीरपणे विचारलं.

---

बाटल्या हैदराबादला जाऊन आठवडा झाला. त्या दुपारी शाळेचा निर्णय करायला बैठक होती आणि प्रयोगशाळेत कुणी फोन उचलेना. ताई माझ्याशेजारी उभ्या. "लाव ना पुन्हा." मी लावला. रिंग वाजत राहिली. मग एकदम कुणीतरी उचलला.

"हां मॅडम, तीन बोतल आपकेच ना? कोयलेवाली अलग है. बाकी दोनों में एकीच गॅस भर के भेज दिये क्या?"