ग्रहणाचा अंगठा

भावाची बायको बाळंतपण उरकून माहेराहून परतली, तशी मी जालन्याहून तीर्थपुरीला, आईकडं गेले. पोर मोठी गोड. फक्त उजव्या अंगठ्याला लागून आणखी एक इवलासा अंगठा लोंबत होता.

मी चप्पल काढायच्या आत आईनं सांगून टाकलं, "ग्रहणात भाजी चिरली हिनं."

"मी विळीला हात बी न्हाई लावला, ताई," म्हणून वहिनी रडायला लागली. आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला हेच ऐकवून राह्यली होती. वहिनीच्या माहेरी निरोपही गेला होता, तुमच्या लेकीनं पोरीचा हात बिघडवला.

माझं डोकंच फिरलं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, आणि माझ्याच घरात हे! "उचलली जीभ, लावली टाळ्याला," मी आईला म्हणाले. मग बसून नीट सांगितलं. बोटं घडवणारा एक जीन असतो आणि त्याच्यापासून बरंच लांब, डीएनएवरच, त्याचं बटण असतं. पोटात हात तयार होताना जीन कुठं चालू करायचा, कुठं बंद ठेवायचा, हे ते बटण ठरवतं. कोंबडीत, उंदरात, माणसात ते जवळपास सारखंच आहे, कोट्यवधी वर्षांत फारसं बदललेलं नाही. त्यातलं एखादं अक्षर जरी बदललं, तरी जीन हाताच्या भलत्या बाजूलाही चालू होतो आणि जास्तीचा अंगठा फुटतो. हे बहुतेक वेळा आईबापाकडून येतं. कधी कधी ज्याच्याकडून येतं, त्याची स्वतःची बोटं बराबर पाचच असतात.

"आमच्यात कुणाला न्हवतं," आई म्हणाली. "मंग हिच्याकडूनच आलं असंल."

बाळ माझ्या मांडीवर देताना वहिनीचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. "ताई, तुमच्या अंगठ्यापाशी हा वण कशाचा?"

"लहानपणी विळी लागली होती." आईनं मला हेच सांगितलेलं.

आई भिंतीला टेकली. "विळी न्हाई. तुला बी असंच जास्तीचं बोट होतं, घोड्याच्या केसानं बांधलं होतं. वाळून गळून पडलं."

मी माझा अंगठा वळवून बघितला.

"तुझी आजी म्हणली, ग्रहणात चिरलं असशील. मी न्हवतं चिरलं गं. पण सगळ्याच म्हणायला लागल्या, मंग मला बी वाटलं, चिरलंच असंल."

मला तिची फार दया आली. तिनं माझा हात ओढून घेतला, वण चाचपला. "म्हंजे मी काहीच केलं न्हवतं?"

"काहीच न्हाई, आई."

मग आई वहिनीकडं बघून म्हणाली, "पोरी, तू बी न्हाई केलं."