न लिहिलेली अट

आधीच सांगून ठेवतो, मी वकील आहे. तोही खरेदी-विक्रीच्या दस्तांचा. कागदावर जे नाही ते माझ्यासाठी जगातच नाही, अशा बाण्यानं आयुष्यभर काम केलं. गप्पांत भुताखेतांचा विषय निघाला की मी चहा मागवायचो. त्यामुळे पुढचं पटलं नाही तर माझी तक्रार नाही… मलाही ते धड पटलेलं नाही.

साल एकाहत्तर. पुण्याहून लॉ करून मी पाथर्डीला नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली होती. रजिस्ट्री कचेरीसमोर एक खोली, दोन बाकडी आणि टायपिंगला गोडबोले नावाचे वयस्कर गृहस्थ — एवढाच पसारा.

तिसगावहून रंगनाथ नावाचा माणूस आला. बाजारपेठेतलं वडिलांचं घर — पुढे दुकानाचा गाळा, मागे राहायच्या खोल्या — तो गावातल्याच एका किराणा व्यापाऱ्याला विकत होता. वडील, म्हणजे आबा, काही वर्षांपूर्वी वारलेले. वारस दोघंच, रंगनाथ आणि त्याची थोरली बहीण. बहिणीनं आपला हिस्सा भावाला सोडून दिल्याचा रजिस्टर कागद होता. टायटल स्वच्छ.

"घरात सध्या राहतं कोण?" मी विचारलं.

"कुनी न्हाई. मोकळंच हाय."

व्यवहाराच्या दिवशी भर दुपारी रंगनाथ आणि घर घेणारे शेठ माझ्या खोलीत आले. सह्यांआधी खरेदीखत मोठ्यानं वाचून दाखवायची माझी पद्धत. वाचत वाचत चतुःसीमेवर आलो, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय आहे त्या मजकुरावर. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस…

"थांबा!" शेठ ओरडले. "ही अट कुठून काढली मधेच? आमचं असं बोलणं झालेलं नाही!"

"कोणती अट?"

मग गोडबोले हळूच म्हणाले, "साहेब, परसातल्या खोलीचं तुम्ही आत्ता जे वाचलंत ना… ते मी टाईप केलेलं नाही."

मी कागद पाहिला. 'दक्षिणेस सरकारी रस्ता.' एवढंच. आणि मी एवढंच वाचलं होतं, अशी माझी खात्री होती. रंगनाथ मात्र बाकड्याची कड घट्ट धरून बसला होता.

"पुन्हा वाचतो," मी म्हटलं, आणि ओळीखाली बोट धरलं.

या वेळी मी स्वतःच ऐकलं. बोट 'सरकारी रस्ता'वर, डोळे तिथेच… आणि तोंडातून आलं —

"परसातली खोली चिमीची. ती हाय तवर तिला तितनं कुनी उठवायचं न्हाई. ऐकतूयास न्हवं?"

मी नगरच्या मास्तरांचा मुलगा. असल्या गावाकडच्या बोलीत मी जन्मात बोललो नव्हतो. मधेच थांबायचा प्रयत्न केला, पण वाक्य पुरं होईपर्यंत जबडा माझं ऐकेना. शेठ मागे सरकत सरकत भिंतीला टेकले.

रंगनाथनं माझ्या हातातून कागद ओढून घेतला. उलटसुलट करून पाहिला.

"आक्का आल्ती का हितं? तिनं सांगितलं तुमाला?"

"आक्का म्हणजे तुमची बहीण? तिला मी पाहिलेलंही नाही."

"मग चिमी कुठनं आलं? तिला चिमी फकस्त आबा म्हनायचे…"

मग एकेक करत सगळं बाहेर पडलं. आक्काला नवऱ्यानं टाकलेलं. ती त्याच परसातल्या खोलीत राहत होती. घर विकलं जातंय याचा तिला पत्ताच नव्हता. रजिस्ट्री झाली की तिला खर्ड्याला चुलतभावाकडे नेऊन सोडायचं त्यानं ठरवलं होतं.

"आबा गेले तवा जवळ मी एकलाच हुतो," तो म्हणाला. "ह्येच त्यांचं शेवटचं बोलनं. मी कुनालाच सांगितलं न्हाई, वकीलसाहेब. आक्काला तर न्हाईच न्हाई."

त्या दिवशी रजिस्ट्री झाली नाही. शेठ निघून गेले. पण त्यांना गाळा हवा होता. पुढे बोलणी झाली आणि परसातली खोली वगळून व्यवहार ठरला. नवं खरेदीखत गोडबोल्यांनी वाचलं. मी तोंडाला रुमाल लावून बसलो होतो.

लोकांनी मला कारणं पुष्कळ दिली. ऊन लागलं असेल, कुठेतरी कानावर आलं असेल. पण तोवर मी तिसगावात पाऊलही टाकलं नव्हतं. आणि जे रंगनाथशिवाय कुणी ऐकलंच नव्हतं, ते माझ्या कानावर येणार कुठून?

खोलीचं माप घ्यायला मात्र मी स्वतः गेलो. आक्का दारात मटकी निवडत बसली होती. मी टेप गुंडाळली तेव्हा तिनं सूप बाजूला ठेवलं.

"साहेब, रंगनाथ म्हनत हुता, आबा तुमच्या तोंडानं बोलले."

मी होकारार्थी मान हलवली.

"रागानं बोलले का वो?"

हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. ती दुपार मी पुन्हा आठवून पाहिली.

"नाही," मी म्हटलं. "घाईत होते. कुठंतरी निघालेल्या माणसासारखे."

तिनं पदरानं डोळे टिपले.

"व्हय," ती म्हणाली. "कायम असंच, निघता निघता बोलायचे. आबाच ते."