जहाजाच्या तेलाची टाकी

आमच्या वावरात समुद्र नाही, पन समुद्रावरची टाकी हाये. आसेगावाकडून आलेला कोनताबी पाहुना पयले तिच्याकडंच बोट करते, अन् मंग मोठे बाबा, म्हंजे माया बापाचे थोरले भाऊ, सुरू होतात. ते एकदा सुरू झाले की चहा थंडा झालाच समजा.

जवानीत मोठे बाबा हंगामी कामाले कोकनात गेल्ते. तिथं टेकडीच्या पोटात महायुद्धातला तेलाचा डेपो होता. आरमाराची जहाजं यायची, तेल भरून निंगून जायची. लढाई सरली, टाक्या रिकाम्या झाल्या, गंजल्या, अन् त्या कापायले गेले कोन, तर ज्यायनं कधी जहाज पाह्यलं नाही ते आमचे वऱ्हाडी गडी! सगळ्यात लहान टाकी ठेकेदारानं खुश होऊन मोठ्या बाबाले देऊन टाकली. यायनं ते धूड ट्रकात शेलूबाजारापर्यंत आनलं अन् तिथून बैलगाडीवर वावरात.

मोठी माय तवा नवी नवरी. "लोकायचे नवरे लुगडं आनतात, आमच्यायनं डबडं आनलं," म्हने. रागानं तिनं उखानाच बंद केला. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव उखान्यातच घेते. उखाना बंद म्हंजे नाव बंद. हळदीकुंकू झालं, नातवाचं बारसं झालं, बाया मागं लागून थकल्या, पन हिचं तोंड काही उघडलं नाही.

टाकीत पयले तूर भरली. लग्नाच्या पंगतीत वरनाले तेलाचा असा वास, की नवरदेवाच्या मामानं भेवानं बिडी पेटवली नाही. मंग पानी भरलं, तर बैलायनं तोंड फिरवलं. शेवटी तिच्यात फाटक्या ताडपत्र्या राह्यल्या.

यंदा मोठ्या मायले सोयाबीनसाठी शेड पाह्यजे होतं, अन् जागा टाकीनं अडवलेली. तिनं भंगारवाला बोलावला. मोठे बाबा सकाळपासून जेवले नाही, टाकीले हात लावून उभे. मले लयच वाईट वाटलं.

"काहून रडून राह्यले?" मोठी माय म्हने.

"रडत नाही. नेऊ दे टाकी. पन त्याआधी एकडाव आत तोंड घालून मायं नाव घे. लय घुमते तिच्यात."

"या वयात याड लागलं काय तुमाले?"

असं म्हनली, पन पदर सावरला, टाकीच्या तोंडातून डोकं आत घातलं.

"टाकी आनली समुद्रावरून, सुटला नाही वास,
...रावाचं नाव घेते, आता तरी खा घास."

मधातलं नाव मी लिहीत नाही, तो तिचा मान हाये. टाकी मात्र तेच नाव घेत राह्यली. मोठ्या बाबाचे डोये भरून आले.

भंगारवाल्यानं मशीन उचललं. "काकू, कापू ना मंग?"

आतूनच आवाज आला, "थांब ना रे बापू, अजून घुमून राह्यलं."

शेड आमी टाकीले वळसा घालून बांधलं.