आजऱ्याचा समुद्र

प्रयोगशाळेच्या दारात आलेल्या प्रत्येकासमोर बाई आधी स्टीलची वाटी धरत. "अंगठ्या हिथं काढा." आत दगड कुटून त्याची पूड करण्याचं काम चाले. "सोन्याचा एक कण पडला की डोंगरात सोनं सापडतंय, आणि तुम्ही लगेच बातमी छापताय," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं.

त्या कोल्हापुरात भूशास्त्र शिकवत. दगडातली मूलद्रव्यं मोजायची आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी तो कुठल्या पाण्याच्या तळाशी गाळ होऊन साठला हे शोधायचं, हा त्यांचा विषय. काहीही विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मोजल्यावर सांगते." त्यांचे पती तक्रार करत, "आमटीत मीठ पडलंय का विचारलं तरी हेच!"

एकदाच त्या मोजण्याआधी बोलल्या. आजऱ्याजवळच्या एका गावात, शाळेमागच्या ओढ्यात, खडकावर लाटांच्या वळ्या उमटलेल्या दिसल्या. माणसं जमली होती. "इथं समुद्र होता," बाई बोलून गेल्या. मुख्याध्यापकांनी लगोलग शाळेच्या भिंतीवर निळ्या लाटा आणि देवमासा रंगवून घेतला. त्या काळात मासेच नव्हते, हे बाईंनी फोनवर सांगून पाहिलं. "असू दे की मॅडम, पोरं खूश हायत."

मग तिथून आणलेल्या दगडांचे आकडे आले. खाऱ्या पाण्यात साठलेल्या चिकणमातीत बोरॉन जास्त मुरतं. इथे ते अगदीच कमी निघालं. बाकीच्या मूलद्रव्यांचा कलही तिकडेच. म्हणजे पाणी गोडं होतं. समुद्र नव्हे, तळं.

"राहू दे की मॅडम, गावात कोण तपासतंय?" सहकारी म्हणाले.

"भिंत पोरं रोज वाचतात," बाई म्हणाल्या.

मीही त्यांच्यासोबत त्या गावी गेलो. पटांगणात मुलं आणि गावकरी बसले होते. बाई उभ्या राहिल्या. "माझं चुकलं. समुद्र नव्हता इथं. तळं होतं."

मागून एक म्हातारे ओरडले, "म्हंजे समुद्र परत न्यायला आलाय व्हय मॅडम?"

पटांगण हसलं. मुख्याध्यापक मात्र भिंतीकडे बघत होते. "मग ह्या माशाचं काय करायचं वो?"

"म्हस करा की त्येची! तळ्यात म्हसच बसती," म्हातारे म्हणाले. म्हैस तर माशाहूनही किती उशिरा आली, हे सांगायला बाईंनी तोंड उघडलं, पण त्यांनाच हसू आवरेना.

निघताना मुख्याध्यापकांनी गाडीच्या खिडकीत वाकून विचारलं, "उद्या परत मोजलंसा आणि तिसरंच काय निघालं तर?"

"तर परत येईन सांगायला."

बाई निवृत्त झाल्या, आता मुलीकडे धारवाडला असतात. दर दिवाळीच्या सुट्टीत, भिंतीला रंग देण्याआधी, मुख्याध्यापकांचा मला फोन येतो. "मॅडमचं काय नवीन?"

"नाही, काही नाही."

"मग तळंच ऱ्हाऊ दे," ते म्हणतात, आणि फोन न ठेवताच रंगाऱ्याला हाक देतात, "म्हशीला काळा घे रं!"