दगडाबाईंचा डोळा आणि बसवलेली मारुती

न्हावरा फाट्यावरच्या ज्योतिबाचा आजा मेंढरं राखायचा, ज्योतिबा गाड्या राखायचा. शिरूर ते दौंड कुणाचीही जीप एका अंगावर झुकली की याच्याच दारात यायची. असा हा पक्का मेस्त्री, पण सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात एक शब्द देऊन बसला आणि अन्न गोड लागेनासं झालं.

झालं असं, की हौसराव पाटलांच्या राजनंदिनीचं लग्न दौंडला ठरलं. हौसरावांची आई दगडाबाई. त्यांना गाडी अशी लागायची, की फाटा ओलांडायच्या आत उलटी! त्यात दहा दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "उलटी झाली, ताण पडून टाका तुटला, तर डोळा जाईल." आणि नात म्हणे, आजीशिवाय बोहल्यावर चढत नाही.

तेव्हा ज्योतिबा बोलून गेला, "आप्पा, तुमची मारुती वळणावर पाळण्यावानी झुलती. मी बसवून देतो तिला."

"बसव. पर नवं सामान सांगू नगंस," हौसराव म्हणाले.

मग ज्योतिबानं चारी स्प्रिंगांचा एकेक वेढा हॅक्सॉच्या करवतीनं, हातानं कापला. गॅसच्या ज्योतीनं घटकेत झालं असतं, पण आच लागली की पोलादाचं पाणी उतरतं, स्प्रिंग मऊ पडते. गाडी कलू न देणाऱ्या पुढच्या आडव्या रॉडचे झिजलेले रबरी बुश पदरच्या पैशानं बदलले. गाडी दोन बोटं खाली बसली, कडक झाली, वळणावर निम्मीच झुकायची. तरी त्याला चैन पडेना. कापताना बारीक चीर गेली असंल तर? ऐन पुलावर स्प्रिंग तुटली तर?

लग्नाच्या सकाळी तो पाटलांच्या वाड्यावर गाडी काढायला गेला आणि बघतो तर काय! टपावरच्या कॅरियरवर पितळी हंडे, पातेली, वर तांदळाची दोन पोती!

"आप्पा, टपावर वझं ठिवलं तर गाडी पुन्यांदा झुकंल. माझी समदी मेहनत वाया."

"अरं, रुखवत हाय ते! वऱ्हाडाच्या जीपच्या कोपऱ्यात कोंबू व्हय? पाव्हणे काय म्हणतील?"

"आन् आजींचा डोळा गेला तर काय म्हणतील?"

पाटलांना असं कुणी बोलत नसे. तेवढ्यात मागच्या सीटवरून, डोळ्याला हिरवी पट्टी लावलेल्या दगडाबाई कडाडल्या, "हौशा, तुझं हंडं बघायला मला डोळा नगं का रं? उतरव!"

हंडे जीपमध्ये गेले. स्टिअरिंगवर ज्योतिबाच बसला.

"आजी, मळमळलं तर सांगा."

"बोलाया लावू नगंस. तोंड उघडलं तर काय भाईर येईल, नेम न्हाई."

ज्योतिबा आरशात बघतोय, कान चाकांकडं. भीमेच्या पुलाआधीच्या वळणावर समोरून वाळूचा ट्रक अंगावर आला. त्यानं गाडी झटक्यात डावीकडं घेतली. मारुती जरा कलली आणि रस्ता धरून राहिली. वळून बघायची त्याला छातीच होईना.

मांडवापाशी दगडाबाई उतरल्या, कंबर धरून उभ्या राहिल्या.

"मुडद्या, पोटातलं पाणी हललं न्हाई, पर हाडांचा खुळखुळा केलास!"

नातीचा हात धरून त्या आत गेल्या. ज्योतिबाला पंगतीची हाक आली. पण संध्याकाळी त्यांना परत न्यायचं होतं. तो गाडीखाली शिरला, चारी स्प्रिंगांवरून बोट फिरवलं, कुठं चीर लागत नाही याची खात्री केली आणि मगच हात धुतले.